दोन गाण्यांमधलं बारक्याचं बोलणं

आमच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, आयुष्यात एकच रॉक अल्बम केला आणि हात पोळून घेतले. गिटार त्यांची, ड्रमवर एक मित्र आणि गायला त्यांचा धाकटा भाऊ, बारक्या. स्टुडिओ परवडेना म्हणून रेकॉर्डिंग राहत्या घरात. ड्रम न्हाणीघरात, बारक्या बाहेरच्या बोळात आणि सगळ्यांत मिळून एकच माइक, तोही बारक्याच्या तोंडाशी. त्यामुळे ड्रम शेजाऱ्यांकडे वाजल्यासारखे आणि बारक्या आपल्या कानाशी गुणगुणल्यासारखा. तेव्हा तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. आता जो तो बँडवाला महागडी यंत्रं लावून तोच न्हाणीघराचा आवाज काढायला धडपडतो आणि दाजींचं नाव कुणी घेत नाही. माझं डोकं फिरतं, ते नुसते हसतात.

अल्बम निघाला त्याच वर्षी बारक्या साध्या तापाने गेला. दोन गाण्यांच्या मध्ये तो अखंड बडबडायचा. अल्बमसाठी दाजींनी ती बडबड काढून टाकली होती. ती उरली फक्त मूळ दोन टेपांवर. आणि आता दाजींचे कान चालले होते. डावा गेलाच होता, उजव्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. पूर्ण बहिरं होण्याआधी भावाला एकदा बोलताना ऐकायचं, एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता.

काही कंपन्यांची जुनी टेप चिकट होते. आधी ती मंद उबेत सुकवावी लागते, नाहीतर यंत्रावर घासून तिच्यावरचा थर निघतो. आवाज असतो तो त्या थरातच. हे मला दाजींनीच शिकवलेलं. पहिली टेप त्यांनी दिवसभर सुकवली, तर ती मुळात चिकटलेलीच नव्हती आणि तिच्यात निघाली नुसती गाणी. दुसरीला त्यांना धीर निघेना. ती वेगळ्या कंपनीची आहे हे बघायचंही भान राहिलं नाही. तशीच चढवली, स्पीकर मोठा केला आणि त्याला उजवा कान लावून बसले.

मी बाहेर पेपर चाळत होतो. ताई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली.

"अरे, काय किंचाळतंय ते?"

"ताई, याला कला म्हणतात," मी म्हणालो.

ती हसत परत गेली. यांच्या गाण्यांत गिटार नेहमी केकाटायचीच. पण चिकट टेपही घासली की अशीच किंचाळते. धड कानाचा रेकॉर्डिंगवाला लगेच यंत्र बंद करतो. दाजींना मात्र बारीक, चढे आवाज ऐकू येणंच आधी थांबलं होतं.

किंचाळणं थांबेना तेव्हा मी आत डोकावलो. यंत्राखाली तपकिरी भुकटी साचली होती. मी धावत जाऊन बटण दाबलं.

"का बंद केलंस?" दाजी खेकसले. "तो बोलायला लागला होता!"

मी भुकटीकडे बोट दाखवलं. त्यांनी टेप उजेडात धरली. तिच्यातून आरपार दिसत होतं. ते बोटांनी भुकटी गोळा करायला लागले. तिचं काय करणार होते, देव जाणे.

"मला नुसतं घुमल्यासारखं ऐकू आलं," ते म्हणाले. "शब्द लागले नाहीत. तू बाहेर होतास ना? काय म्हणाला तो?"

मला किंचाळीखेरीज काहीच ऐकू आलं नव्हतं. पण त्यांचा तो चेहरा बघवेना.

"'दादा, परत एकदा घेऊ,' असं म्हणाला," मी त्यांच्या कानाशी ओरडून ठोकून दिलं.

त्यांचे हात थांबले.

"त्याने मला जन्मात कधी दादा म्हटलं नाही रे."