तिचा स्वतःचा आवाज

काल बायकोसाठी घेतलेला मोगऱ्याचा गजरा मी गाडीतच विसरलो. अमेरिकेतल्या शुगर लँडच्या उन्हात तो पार करपला, पण दार उघडताच आलेल्या वासाने मला वीस वर्षं मागे नेलं.

तेव्हा एका तेलुगू मित्राने त्यांच्या मंडळाच्या पाहुणीला आणायला मला असाच गजरा देऊन एअरपोर्टवर पाठवलं होतं. पाहुणी म्हणजे जुनी नायिका. मी तिचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. बाहेर आलेल्या पांढऱ्या केसांच्या एका बाईंनाच मी विचारलं, "आंटी, आत कुणी हिरॉइन दिसली का?"

"मीच ती," घोगऱ्या आवाजात त्या हसल्या.

गाडीत मात्र गजरा हुंगत राहिल्या. मग म्हणाल्या, "सिनेमात माझा आवाज नव्हताच. दुसरी बाई डबिंग करायची. आज स्टेजवर मी बोलले तर लोक हसतील."

"मला तर तुमचा हाच आवाज माहीत आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी त्या स्टेजवर बोलल्या. हॉल आधी चपापला, मग तासभर ऐकत राहिला.

तेव्हा वाटलं, काय धीर दिला मी! आता कळतं, ते निव्वळ अज्ञान होतं.

बायकोला हे पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "तुझं अज्ञान एकदा तरी कामी आलं. आण तो गजरा. करपला असला तरी वास त्याचा स्वतःचा आहे."