शेवटच्या बास्केटला फाउल नाही

बोर्डावर पाचच नावं बसतील, हे सरांनी बैठक सुरू व्हायच्या आधीच जाहीर करून टाकलं. कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजचं जुनं बास्केटबॉल कोर्ट उखडून नवीन होणार होतं, आणि त्याच्या भिंतीवरच्या बोर्डावर गेल्या दहा वर्षांतल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंची नावं रंगवायची होती. निवडायला आम्ही तिघं होतो. आमचे कोच, म्हणजे सर, जे निवृत्त झाले असले तरी त्यांचा आवाज अजून नोकरीत आहे. मी, त्या दहा वर्षांच्या सुरुवातीचा कॅप्टन. आणि आमची स्कोअरर, जी विद्यार्थिनी असताना स्कोअर लिहायला बसली आणि पुढे जिमखान्यातच नोकरीला लागली.

पहिली चार नावं अर्ध्या तासात झाली. कोणी किती पॉइंट केले हे मात्र सरांच्या किंवा माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. आम्हाला माणसं आठवत होती ती जखमांवरून. एक उंच सेंटर, ज्याच्या कोपराने एकाच मॅचमध्ये दोघांच्या भुवया फाटल्या. दुसऱ्याने मोडलेलं बोट आइस्क्रीमच्या काडीला बांधून फायनल खेळली आणि ते बोट कायमचं वाकडं राहिलं. तिसऱ्याने आईवरून शिवी देणाऱ्याला मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये हेल्मेटने बडवलं. चौथा टाके घालून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी टाक्यांसकट खेळायला यायचा. सर खुशीत येऊन मांडीवर थाप मारत होते, आणि मीही मोठमोठ्याने हसत होतो.

सरांनी आम्हाला वाढवलंच तसं. मान खाली घालून ड्रिबल करणाऱ्याच्या तोंडावर ते दुसरा बॉल फेकून मारत. माझं नाक त्यांनी दोनदा फोडलं. घरी मी सांगितलं की दार लागलं, आणि घरच्यांनी दोन्ही वेळा विश्वास ठेवला.

आणि आमच्यात एक नियम होता, जो मी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात पाहिला नाही. रोजच्या प्रॅक्टिसच्या शेवटी सीनियर विरुद्ध ज्युनियर, फक्त एक बास्केट. हरलेल्यांनी कोर्ट झाडायचं. त्या एका बास्केटपुरती सर शिट्टी खिशात घालत. शेवटच्या बास्केटला फाउल नाही. ढकला, ओढा, ओरबाडा, कोणी विचारणार नाही. दिवसभराचा राग त्या दोन-तीन मिनिटांत बाहेर पडायचा, गुडघ्यांची सालटी सिमेंटवर राहायची, आणि मग सगळे एकत्र चहाला जायचे. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, आजही ऑफिसात कोणी डोक्यात गेलं की मला तीच मिनिटं आठवतात आणि टेबलाखाली मुठी वळतात.

"पाचवा हा," सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तीन वर्षं टीममध्ये, दोन वर्षं कॅप्टन. विषय संपला."

"नको हो सर," मी म्हणालो. पुण्यात 'नको हो' याचा अर्थ 'अजून एकदा म्हणा' एवढाच असतो. मला ते नाव हवं होतं. भिंतीवर, मोठ्या अक्षरात.

"आणि तो?" स्कोअररने विचारलं.

तो म्हणजे कोण, हे तिघांनाही माहीत होतं. मी शेवटच्या वर्षाला असताना तो पहिल्या वर्षाला आला. आई पोस्टात, तिची नागपूरहून बदली झाली म्हणून ती दोघं पुण्यात आलेली. त्याच्यासारखा खेळाडू मी आजतागायत पाहिलेला नाही. तो बॉल घेऊन निघाला की समोरचे नुसते बघत राहायचे, आणि बघणाऱ्यांत मीही असायचो. अर्धा सीझन खेळला आणि त्याचा गुडघा गेला. पुढे तो आयटीत गेला आणि माझा सगळ्यात जवळचा मित्र झाला. कितीतरी वर्षं माझं रविवारचं जेवण त्यांच्या घरी होतं. त्याच्या आईच्या हातचा, डाळीचे वडे कुस्करलेला नागपुरी वडाभात खाल्ल्यापासून मला घरचा वरणभात आजाऱ्याचं जेवण वाटतो.

"अर्धा सीझन," सर म्हणाले. "अर्ध्या सीझनवर दशकाचा खेळाडू? उद्या प्रेक्षकांतला एखादा निवडाल."

स्कोअरर उठली आणि कपाटातून एक जुनं रजिस्टर घेऊन आली. तारेच्या बाइंडिंगचं, कोपरे कुरतडलेलं. मॅचचे स्कोअर कॉलेजच्या छापील वहीत जायचे. ही वही प्रॅक्टिसची होती, तिने स्वतःच्या हौसेने ठेवलेली. तिने पान काढलं आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचलं, "शेवटचं बास्केट. उडी मारलेल्या खेळाडूखाली सात नंबरने पाय घातला. फाउल."

सात नंबर माझा होता.

"शेवटच्या बास्केटला फाउल नसतो," सर म्हणाले.

"तुम्ही वाजवत नव्हता, सर. मी लिहीत होते."

मी झडप घालून वही ओढली. तिने सोडली नाही. मी अजून जोरात हिसडा दिला, पान फाटलं आणि बाइंडिंगची तार तिच्या तळव्यातून सरकन गेली. रक्ताचे थेंब टेबलावर, वहीवर, माझ्या बाहीवर पडले. ती ओढणीने हात घट्ट दाबून म्हणाली, "झालं? आता खाली बसा." आम्ही एकमेकांना कायम अरे-तुरे करत आलो होतो. त्या 'बसा'ने मी खरंच खाली बसलो.

तर झालं होतं ते असं. फायनल चार दिवसांवर होती. सरांनी प्रॅक्टिसच्या आधी सांगितलं की फायनलला माझ्या जागी तो सुरुवात करेल. मी 'हो सर' म्हणालो आणि दोन तास माझ्या कानांत नुसतं रक्त वाजत होतं. शेवटच्या बास्केटला तो मला चकवून आत घुसला आणि उडाला. मला अडवता आलं नसतं. पण तो खाली कुठे येणार हे मला दिसत होतं. मी तिथे पाय ठेवला. घाईत नाही, चुकून नाही. ठेवला. भेंडी मोडताना होतो तसा आवाज आला, फक्त मोठा, आणि त्याचा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला. तो इतका ओरडला की रस्त्यावरची माणसं कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावली.

मीच त्याला पाठीवर घेऊन रिक्षात घातलं. त्याची आई हॉस्पिटलमध्ये धावत आली. कसं झालं म्हणून विचारलं तर तो दात आवळून म्हणाला, "खेळताना लागलं, आई." त्याला खरंच तसं वाटत होतं. त्या माउलीने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तू होता म्हून बरं झालं, बाबू." फायनल मी खेळलो. आम्ही जिंकलो. कप हातात घेतला तेव्हा मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो.

"खरं आहे," मी सरांना म्हणालो.

सर खिडकीबाहेर बघत होते. "मला दिसलं होतं तेव्हाच."

"मग बोलला का नाही?"

"फायनल होती. एक गेलाच होता. दुसराही घालवून बसू का?"

मी ज्या खुर्चीवर बसलो होतो ती उचलली आणि भिंतीवर हाणली. खुर्चीचा पाय निखळून कपाटाच्या काचेतून आत गेला आणि दोन कप खाली आले. ज्या माणसाने माझं नाक फोडलं तेव्हाही मला त्याचा राग आला नव्हता, त्याला त्या क्षणी मी ठार मारलं असतं. पण तो म्हातारा झाला होता, आणि माझ्यावरचा राग मी त्याच्यावर काढतोय हे मलाही कळत होतं.

"पाचवं नाव त्याचं," स्कोअरर म्हणाली. तिची ओढणी लाल झाली होती. "आणि का ते त्याला तू सांगायचं. शनिवारपर्यंत. नाहीतर ही वही मी नेऊन देते."

शनिवारी सकाळी मी त्याला बाइकवर मागे बसवून जुन्या कोर्टवर आणलं. उखडायच्या आधी एकदा बघून घेऊ, असं म्हणालो. बोर्डावर त्याचं नाव येणार हे सांगितल्यावर तो एकदम खुलला. "काय बे, माझं नाव? अर्ध्या सीझनवर? पैसे चारले का काय सरांना?" तो एका जागी उभा राहून बॉल आपटत होता, उजव्या पायावर भार न देता, जसा तो आता कायम उभा राहतो. हे दोस्तीचं हसू मी शेवटचं बघतोय हे मला माहीत होतं. तरी मी सांगितलं. शब्द फिरवले नाहीत.

बॉल आपटायचा थांबला. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "लास्ट बास्केट. ये."

"अरे, तुझा गुडघा..."

"ये म्हणलं ना."

मी बास्केटखाली जाऊन उभा राहिलो. तो लंगडत आत घुसला आणि कोपर सरळ माझ्या तोंडावर आणलं. मी पाठीवर पडलो. तोंडात खारट रक्त भरलं आणि जिभेला पुढचा दात हलताना लागला. त्याने बॉल जाळीत टाकला, परत उचलला आणि म्हणाला, "उठ."

दुसऱ्या वेळी मी हात खालीच ठेवले. खाऊ दे मार, म्हटलं. तो थांबला. "हात वर कर. डिफेन्स कर. दया नको तुझी." मी हात वर केले. त्याने डोकं माझ्या छातीत घातलं, मी मागे खांबावर आदळलो, आणि मग कोपर परत तिथेच. दात सिमेंटवर पडला. मी तिसऱ्यांदा उठलो. या वेळी तो उडाला, खरंच उडाला, पूर्वीसारखा, आणि खाली येताना त्याचा गुडघा दुमडला. तो कोसळला आणि ओरडला. तोच आवाज.

मी हात पुढे केला. त्याने हाताकडे पाहिलं, मग सरपटत खांबापाशी गेला, खांबाला धरून उभा राहिला आणि गेटबाहेर जाऊन रिक्षा थांबवली. एकदाही मागे वळला नाही. मी दात खिशात घातला आणि रक्तावर पाणी ओतून कोर्ट झाडलं. हरलेल्यांनी झाडायचं असतं.

नव्या कोर्टच्या उद्घाटनाला तो आला नाही. त्याची आई आली, इस्त्रीची साडी नेसून. बोर्डाखाली उभी राहून तिने मुलाच्या नावाचा फोटो काढला, हलला म्हणून परत काढला. मी खांबामागे उभा होतो, तर शोधत आली.

"काऊन बाबू, येत नाईस तं? भांडले का तुमी? त्याले विचारलं तं सांगत नाई काही." मग तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. "अगं बाई, दात कुठं गेला?"

म्हणजे त्याने तिला काही सांगितलं नव्हतं. तिच्यामागे बोर्ड होता, त्यावर त्याचं नाव होतं, ओल्या रंगाचा वास अजून येत होता. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"खेळताना लागलं," मी म्हणालो.

"या वयात!" म्हणत तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. वडाभात होता, अजून गरम. "रविवारी येशील तवा डबा आणजो परत."

त्या उद्घाटनाला चार रविवार झाले. डबा मी घासून पुसून ओट्यावर ठेवला आहे.