शेवटचं पान आधी

मला आईला सांगायचं होतं की मी पुन्हा लग्न करणार आहे आणि तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. मी बावन्न, तो त्रेचाळीस. लग्नाला आईची हरकत नसती. माझ्या घटस्फोटाला पंधरा वर्षं झाली आहेत आणि मी एकटी घरात राहिले की डब्यांना लेबलं लावत सुटते, अशी तिची तक्रार आहे. धास्ती होती ती नऊ वर्षांची. ती नाही म्हणाली तर मी हे लग्न करणार नाही, हे मी त्यालाही सांगून ठेवलं होतं.

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याची व्यवस्था मी पाहते. काम अडलं की मी यादी करते. या वेळी कादंबऱ्यांची केली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि आठवड्याला एक कादंबरी संपवते. वाचनालयातून पुस्तकं मीच आणते. तेव्हा ठरवलं, वयात अंतर असलेल्या प्रेमकथा तिला जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने द्यायच्या. काळाबरोबर आईही बदलत जाईल. पाच कादंबऱ्या आणि सहाव्या आठवड्यात एक वेबसिरीज.

यादीला चार रकाने होते: नाव, मोठं कोण, किती वर्षांनी, शेवट. ती भरताना बऱ्याच गोष्टी ध्यानात आल्या. जुन्या कथांमध्ये नायक पंधरा वर्षांनी मोठा असला तरी कोणी चकार शब्द काढत नाही. कानांजवळचे पिकलेले केस हा त्याचा गुण असतो. बाई मोठी असली की मात्र तिला खोकला होतो. खोकला झाला नाही तर ती त्याचं लग्न आपल्या भाचीशी लावून देते आणि आश्रमात जाते. नंतरच्या लेखकांनी या बायकांची प्रकृती सुधारली, पण त्यांना पश्चात्ताप दिला. मालिकांमध्ये पंचेचाळिशीचा नायक आणि पंचविशीची नायिका आली, तेव्हा निदान शेजाऱ्यांनी वय काढलं. आता वेबसिरीजमधली मोठी बाई जगते, नोकरी करते आणि शेवटी त्याच्याबरोबर डोंगरावर जाते. डोंगरावरच का, ते मला कळलेलं नाही.

नियोजनात एक चूक झाली. आई कुठलंही पुस्तक हातात घेतलं की शेवटचं पान आधी वाचते. मग "वाचायला हरकत नाही" म्हणते किंवा पुस्तक परत करायला लावते. बावन्न वर्षं मी हे बघते आहे, तरी यादीत धरलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी भाजी चिरत होते. आईने पुस्तक ओट्यावर आणून ठेवलं.

"हीसुद्धा गेली."

"कोण?"

"मोठी होती ती. पहिलीला खोकला, दुसरी आश्रमात, हिने विहीर जवळ केली. किती वर्षांनी लहान आहे तो?"

"कादंबरीतला?"

"कादंबरीतला सहा वर्षांनी. तुझा विचारतेय."

मी गवारीच्या शिरा काढत राहिले. "नऊ."

"मग सरळ सांगायचंस. वाचनालयाला कशाला कामाला लावलंस?"

"तुला धक्का बसू नये म्हणून."

"एवढ्या बायका मारून?"

पुढच्या तिघी मरत नाहीत, हे दाखवायला मी वही आणली. आईने चष्मा लावून सगळे रकाने वाचले. मग माझंच पेन घेऊन खाली एक ओळ लिहिली. नाव: आम्ही. मोठं कोण: हे. किती वर्षांनी: चौदा. शेवट: मी एक्कावन्नाव्या वर्षी एकटी.

"आमच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही," ती म्हणाली. "चौदा वर्षं सगळ्यांना शोभून दिसली. शेवटचं पान कोणी बघितलं नाही. मी विशीतली, मला काय कळणार? तू आज बावन्न आहेस. मी एकटी पडले तेव्हा तुझ्याहून लहान होते."

बाबा आणि आई या यादीत येतात, हे मला सुचलं नव्हतं. मी गॅस बंद केला. भाजी अजून टाकायचीच होती.

"म्हणजे तुझी हरकत नाही?"

"लहान आहे ते बरंच आहे. पण लहान माणसंही जातात. पत्रिका नको. रक्त शेवटचं कधी तपासलं ते विचार. आणि रविवारी बोलाव त्याला."

रविवारी सकाळी तो कात्रजहून कर्वेनगरला आमच्याकडे आला. सोबत चितळ्यांच्या दुकानातलं काही नको, तपासण्यांची फाइल आण, असं मी बजावलं होतं. त्याने फाइल आणली होती, तारखेप्रमाणे लावलेली. त्यासाठी तो मला आवडतो.

"बसा," आई म्हणाली. तो बसला. तिने फाइल मांडीवर घेतली आणि शेवटचं पान आधी उघडलं. चष्मा वर केला, खाली केला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"कोलेस्टेरॉल जरा जास्त आहे," ती म्हणाली. मग फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. "पण वाचायला हरकत नाही. चहात साखर किती घालू रे तुला?"