चित्रं पारखणाऱ्या आम्ही तिघी

शाळेतली माझी तात्पुरती नोकरी संपली, तेव्हा एका मैत्रिणीच्या ओळखीने मला घरबसल्या करायचं काम मिळालं. फोटो शोधून देणारी एक यंत्रणा तयार होत होती. आपण शब्द टाकायचे, तिने फोटो दाखवायचे. इंग्रजीत विचारलं की तिचं बरं चालायचं. तेच मराठीत, हिंदीत, उर्दूत विचारलं तर ती काय दाखवते, हे माणसांनी तपासायचं होतं. एकेक फोटो पाहून सांगायचं, जुळतो की नाही.

मराठी आणि हिंदी माझ्याकडे होतं. उर्दूसाठी मी भिंतीपलीकडच्या खालांना विचारलं. त्या उर्दू शाळेत शिकलेल्या, आणि रिसोडच्या आमच्या गल्लीतले निम्मे कपडे त्यांच्याच मशीनवर शिवलेले. "फोटोच देखने का ना? चल, देखती मैं," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हजर झाल्या.

तिसऱ्या होत्या माझ्या सासूबाई. त्यांना कोणीच बोलावलं नव्हतं. गावाबाहेर आमचा भाजीचा मळा आहे. सकाळी त्या बाजारात बसायच्या आणि दुपारी घरी येऊन, मेथीचा ढीग पुढ्यात घेऊन आमच्याजवळ बैठक मारायच्या. खालांची आणि त्यांची मैत्री माझ्या लग्नाच्याही आधीची.

एकदा मी शब्द टाकले, 'भाजी निवडणारी बाई'. समोर काय यावं? मतदान केंद्राबाहेर रांगेत उभ्या बाया, बोटावरची शाई दाखवणाऱ्या! मी हसत सुटले. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं वो?"

"आई, तुम्ही आत्ता जे करताय ना, त्याला हे निवडणूक समजलं."

"मंग मी कोनाले निवडून देऊन राह्यली? मेथीले?"

खालांनी तेच उर्दूत टाकलं. त्यांच्या पडद्यावर एक बाई नळाखाली भाजी धूत होती. "मेरी वाली कम से कम भाजी तक तो पहुँची," त्या ऐटीत म्हणाल्या.

तेव्हापासून सासूबाई आमच्या कामात पुरत्या शिरल्या. फोटो आला की आमच्याआधी त्यांचं मत यायचं. मला ते आवडायचं. एरवी आमचं बोलणं स्वयंपाकापलीकडे फारसं जात नसे. आता आम्ही वाळवंटापासून विमानतळापर्यंत कशावरही वाद घालायचो.

मग एका दुपारी 'निळ्या साडीतली बाई' शोधायची होती. पहिलाच फोटो स्वच्छ, बाई अंगणात उभी, साडी निळीभोर. मी 'जुळतो' म्हणणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "निळी कुठी हाय? काळी हाय ते."

मी पडद्याचा उजेड वाढवला. तरी त्यांचं तेच. पुढे कापसाच्या ढिगाचा फोटो आला, तर म्हणाल्या, "असा पिवळा कापूस कोन घेईन?" मला वाटलं, गंमत करताहेत. खाला मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खांद्यावरची जांभळी ओढणी काढून सासूबाईंसमोर धरली.

"भाभी, ये कौन सा रंग है?"

सासूबाईंनी ओढणी हातात घेतली, बोटांनी चाचपली. खालांकडे एक हिरवी ओढणीही होती, त्याच कापडाची. "हिरवी," त्या म्हणाल्या. आवाजात खात्री नव्हती.

मग त्यांनीच मान खाली घालून सांगितलं. वर्षभरापासून सगळं धूसर, मळकं दिसत होतं. मेथी की पालक हे हातानं आणि वासानं कळायचं, म्हणून निभावत होतं.

"सांगितलं काहून नाही आई?"

"डोयाचं सांगतलं असतं तर तुमी मले बाजारात बसू देल्लं असतं काय?"

मी त्यांचा हात धरला. तो मेथीच्या रसाने हिरवा झाला होता.

वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन केलं की दिसेल. सासूबाई तिथून उठून चालायला लागल्या. कोथिंबीर काढणीला आली आहे, नंतर पाहू, असं त्यांचं म्हणणं. घरी आल्यावर खालांनी त्यांना झापलं. "तेरी कोथिंबीर मैं बेचूंगी बाजार में बैठ के. पर ऑपरेशन कराने तू जाएगी." आणि खरंच, ऑपरेशनच्या आठवड्यात मशीन बंद ठेवून खाला आमच्या जागेवर भाजी घेऊन बसल्या. त्यांचा आवाज बाजारभर ऐकू यायचा म्हणे.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी सासूबाई घरात शिरल्या आणि दारातच थबकल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या कोपऱ्यातल्या जाळ्याकडे बोट करत म्हणाल्या, "बापा! छताले येवढं जायं? कोनी झाडते का नाही या घरात?" मग माझ्या तोंडाजवळ आल्या आणि निरखून पाहू लागल्या. "तुये केस पांढरे होऊन राह्यले वो. कधीपासून?" मी हसले, आणि मलाच रडू आलं. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले, त्यांच्या डोळ्याला हात लावायची मनाई होती तरी स्वतःचेही पुसायला निघाल्या. खालांनी त्यांचा हात वरच्यावर धरला.

दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी स्वतःच मागून घेतली.

ते काम पुढे उन्हाळ्यात संपलं. यंत्रणा किती सुधारली, मला कोणी कळवलं नाही. पण दुपार झाली की दोघी अजून येतात. "आज काय पाहाचं?" सासूबाई विचारतात. सध्या त्यांना परमुलखातले भाजीबाजार पाहायचा नाद लागला आहे. परवा कुठल्याशा देशातली लांबच लांब, सापासारखी वांगी आली, तर त्यांनी मोबाईल हातात घेतला, खालांना दाखवला आणि विचारलं, "आपा, याच्यात मसाला भरतील कसा वो?"