चोवीस महिने

मेयो कौंटीतल्या बॅलीकरा गावाच्या चौकात खाटकाच्या आणि औषधांच्या दुकानांच्या मधोमध एक हिरवा दरवाजा आहे. त्याच्या आत अट्रॅक्टा लॅव्हेल एकतीस वर्षं विमा विकत आली. सुरुवातीला ट्रॅक्टर, गाई, गवताची गोदामं. मग गावातली तरुण पोरं देश सोडायला लागली आणि धंद्याचं तोंड कॅनडाकडे वळलं. दोन वर्षं तिकडे कामही करायचं आणि भटकायचंही, असा तो व्हिसा, आणि त्याला आजारपणाचा विमा सक्तीचा.

विमा निवडायचा म्हणजे सगळ्यात स्वस्त कुठला ते बघायचं, एवढंच पोरांना ठाऊक. अट्रॅक्टा त्यांना तसं सोडत नसे. बर्फावर घसरायला जाणार का, जाणार तर आखलेल्या वाटेवरून की भलतीकडून, दमा आहे का, आणि असला तर तो कागदावर कबूल करायला लाज कसली, हे सगळं ती खोदून विचारी. मेल्यावर शव घरी आणण्याचं कलम पोरं हसत उलटून टाकत. ते ती मुद्दाम मोठ्याने वाचे. "तुला आणायला चर्चच्या दारात वर्गणीच्या बादल्या धरून उभं राहायचं का आम्ही?" असं विचारल्यावर हसणं आपोआप थांबे.

पण तिचा खरा हट्ट मुदतीचा. कॅनडाच्या विमानतळावरचा अधिकारी विम्याचा कागद बघतो आणि विमा जितक्या महिन्यांचा, तितक्याच महिन्यांचा कामाचा परवाना देतो. एमन रफ्टरी नावाच्या सुताराने पुढचं पुढे बघू म्हणत इंटरनेटवरून सहा महिन्यांचाच विमा घेतला. टोरांटोला त्याच्या हातात सहा महिन्यांचा परवाना पडला. विमा नंतर वाढवता आला, परवाना काही वाढेना. उरलेलं दीड वर्ष बुडालं ते बुडालंच. तेव्हापासून अट्रॅक्टा प्रत्येक गिऱ्हाइकाला एमनच्या नावाने घाबरवी, आणि एमन बिचारा आपली कीर्ती पबमध्ये मुकाट ऐकून घेई.

तिचा थोरला मुलगा नऊ वर्षांपूर्वी सिडनीला गेला आणि तिथेच संसार मांडून बसला. नवरा वारल्यापासून घरात ती आणि धाकटी ग्रॉन्या, दोघीच. ग्रॉन्या दंतवैद्याकडे मदतनीस होती. सव्विसाव्या वर्षी तिनेही कॅल्गरीला जायचं ठरवलं, आणि एका शनिवारी गिऱ्हाइकासारखी आईच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

"सहाच महिन्यांचा काढ, आई. जमतंय का बघते, नाताळाला घरी येते."

एमनची गोष्ट ऐकून ऐकून ग्रॉन्याचे कान किटले होते, म्हणूनच तिने ती कधी नीट ऐकली नव्हती. हे अट्रॅक्टाच्या लगेच ध्यानात आलं. तिला एक शब्दही खोटा बोलायची गरज नव्हती. मागणारी मागत होती, हिने फक्त सहाचा आकडा लिहायचा. नाताळाला पोरगी घरात. तिने छपाईचं यंत्र बिघडल्याची थाप मारली आणि काम सोमवारवर ढकललं.

रविवारी प्रार्थनेनंतर बहीण फिलोमिना जेवायला आली. ग्रॉन्या बाहेर गेल्याची खात्री करून अट्रॅक्टाने तिला सगळं सांगितलं. फिलोमिनाला यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. एक पोर समुद्रापार घालवलंस तेवढं पुरे, असं ती म्हणाली. बटाटे वाढून घेता घेता तिने वर टोमणाही मारला. "गावाला ब्रह्मज्ञान सांगतेसच. एकदा कोरडा पाषाण हो की."

अट्रॅक्टाला तो सल्ला मनापासून आवडला. रविवारभर ती तो मनात घोळवत राहिली.

सोमवारी तिने चोवीस लिहिले.

ग्रॉन्याने कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "दोन वर्षं? मी नकोय का तुला घरात?"

हे मात्र अट्रॅक्टाला अपेक्षित नव्हतं. एरवी तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. परवान्याचा नियम तिने पुन्हा पहिल्यापासून, हळू सांगितला. मग म्हणाली, "तू नाताळाला आलीस तर मला कळलं पाहिजे, तू स्वतःहून आलीस. कागद संपला म्हणून नाही."

ग्रॉन्याने सही केली आणि एप्रिलमध्ये गेली. नाताळाला ती आली नाही. फोनवर रडली, घरची आठवण येते म्हणाली, पण दवाखान्यात नुकतीच बढती मिळाली होती आणि रजा नव्हती. परवाना संपायच्या आत तिने अर्ज केला आणि तिसऱ्या वर्षी तिला तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळाली. आईचं काळीज मोठं म्हणून गावाने अट्रॅक्टाचं कौतुक केलं. ते तिने ऐकून घेतलं.

फिलोमिनाने मात्र एकदा सरळच विचारलं, केलंस त्याचं समाधान आहे का.

"सहा लिहिले असते तर ती आज इथे असती, आणि जन्मभर माझ्यावर चिडून असती," अट्रॅक्टा म्हणाली. "मला तेही चाललं असतं, फिलोमिना."