मीठकाकांची बरणी

मीठकाका आमच्या घरी आले की आधी माणसांना भेटत नसत, बरणीला भेटत. रविवारी चारच्या सुमारास फाटकाशी सायकलची घंटी वाजायची आणि पाठोपाठ मागच्या अंगणातून ठक् ठक् असा आवाज यायचा. बरणीचं झाकण काढून त्यांनी आपली वेताची काठी आत घातलेली असायची. मग एका बारक्या बाटलीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि बाटली डोळ्यांसमोर धरून खळखळ हलवायची. फेस टिकला की काकांचा चेहरा खुलायचा. एवढं सगळं उरकल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, जणू आत्ताच आलोय अशा थाटात विचारायचे, "काय बाई, बरं हाय ना?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. लग्न होऊन मी सांगलीहून जयपूरला आले. हे तिथल्या इस्पितळात डॉक्टर. बनी पार्कमध्ये एका जुन्या घराचा खालचा मजला भाड्याने घेतलेला. घर ऐसपैस होतं, पण पाणी विहिरीचं आणि असं जड की बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढायची. केसांचा काथ्या झाला. ते एक वेळ चाललं असतं, पण तुरीची डाळ शिजेना. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ आपली शेजारच्या सासूसारखी ताठच. लग्नाच्या पहिल्या वर्षी वरण करता येत नाही म्हणून मी एकदा चक्क रडले. ते ऐकून ह्यांच्या ओळखीच्या एका रेल्वेतल्या गृहस्थांनी मीठकाकांना पाठवलं.

काका मूळचे बडनेऱ्याचे. आडनाव मेश्राम, पण जयपूरच्या मराठी घरांत ते कुणी घेत नसे. रेल्वेच्या लोकोशेडमध्ये इंजिनांसाठी पाणी मऊ करायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. जड पाण्याने बॉयलरच्या आत दगडासारखा थर साचतो, तो साचू नये म्हणून. निवृत्त झाले तोवर बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं, गावी एक पुतण्या तेवढा होता. काकांनी मग तीच विद्या घरांसाठी वापरायला काढली. एका लोखंडी नळकांड्यात मोहरीएवढे पिवळे दाणे भरलेले, त्यातून पाणी गेलं की त्याचा जडपणा दाण्यांना चिकटायचा. आठवड्याने दाणे थकले की त्यांना मिठाचं पाणी पाजायचं, म्हणजे ते पुन्हा ताजेतवाने. मिठाची टाकी म्हणून काकांनी लावली होती लोणच्याची चिनी मातीची बरणी, खाली भोक पाडून नळी बसवलेली. तीत सांभर सरोवरातलं खडेमीठ मावायचं ते बरोबर एका आठवड्यापुरतं.

"इंजनाच्या पोटात दगड होऊ नाई म्हनून तीस वर्सं मीठ घातलं," काका म्हणायचे. "आता तुमच्या दाळीसाठी घालतो. दाळीचा मान मोठा, बाई. इंजन काई पाहुन्याले जेवू घालत नाई."

मिठाचं पाणी दाण्यांतून हळूहळू उतरायला तास तरी लागायचा. त्यानंतर खारट पाणी धुऊन काढायचं. पहिली बादली भरली की काकांचं वाक्य ठरलेलं असायचं, "पहिली बादली नालीत, बाई. झाडाले नाई." एकदा मी घाईत ती जास्वंदीला घातली होती आणि जास्वंद आठ दिवसांत माना टाकून गेली होती. तेव्हापासून तीन वर्षं, न चुकता, दर रविवारी ते वाक्य. शेवटी शेवटी मी दात-ओठ खात त्यांच्या आधीच म्हणून टाकायची. काका खूश होऊन हसायचे. त्यांना वाटायचं, पोर शिकली.

त्या तासाभरात ते मागच्या पायरीवर बसायचे. मी चहा द्यायची. आठवड्याभराची शिळी मराठी वर्तमानपत्रं आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवायचो, त्यातलं एकेक ते मोठ्याने वाचायचे, अगदी वधू-वरांच्या जाहिरातीसुद्धा. मधेच थांबून म्हणायचे, "आमच्या गल्लीत सगळे चांगले लोक हायत. पन हप्ताभर 'भैया, मतलब, हाँजी' करून जीभ जड होते. मराठी बोलत चा पेलो का तो गोड लागते." अशी पाच मराठी घरं त्यांनी वारांना वाटून घेतली होती. आमच्या वाट्याला रविवार आला होता.

मीठ भरण्यापेक्षा त्यांचं लक्ष ते काठीने ढोसण्यावर जास्त असायचं. मी एकदा विचारलं, "काका, वरून दिसतंय की मीठ, मग काठी कशाला?" तर त्यांनी मला वाकून आत बघायला लावलं. "वरून पांढरं दिसते म्हनून भरलं हाय असं समजू नोका. दमट हवेनं मीठ वरच्या वर छप्पर धरते अन् खाली पोकळ रायते. ढोसून पाहाच लागते." बरणीऐवजी मोठा ड्रम का नाही लावत, असं ह्यांनी विचारलं तेव्हाही हेच उत्तर, "मोठ्या टाकीत मीठ गोठते, डॉक्टरसायेब. लहान भांडं बरं. थोडं घालावं, पुन्हा यावं."

आता खरं सांगते. तिसऱ्या वर्षी आमचा मुलगा झाला आणि मला तो रविवार नकोसा व्हायला लागला. ह्यांना सुट्टी तेवढीच. दुपारी बाळ झोपलं की जरा आम्ही दोघं बोलावं, तर चार वाजता ठक् ठक्. चहा ठेवा, वर्तमानपत्र ऐका, 'पहिली बादली नालीत' ऐका. एकदोनदा मी कपबशी जरा जोरातच आपटली. काकांच्या ते ध्यानात आलं की नाही, देव जाणे. चहा मात्र ते नेहमीसारखाच चवीने प्यायले.

दिवाळीनंतर मी बाजारातून एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम आणवला. काका आले तेव्हा तो अंगणात उभा होता. मी अगदी मधाळ आवाजात म्हटलं, "काका, या वयात तुम्ही दर रविवारी एवढी सायकल मारता, आम्हालाच कसंतरी होतं. यात तीन महिन्यांचं मीठ मावेल. आठवड्याला दोन तोट्या फिरवायच्या, त्या मी फिरवीन."

काका ड्रमभोवती एक फेरी मारून आले. बोटाने वाजवून पाहिला. "चांगला हाय," म्हणाले. मग म्हणाले, "मंग मले तीन मयने यायचं काम नाई." मी म्हटलं, "काम नसलं तरी या की!" त्यावर ते नुसते हसले. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच नळ्या कापून, सांधे बसवून ड्रम जोडून दिला. जाताना बरणी धुऊन, पुसून ओट्यावर ठेवली. मी खालच्या भोकाला बूच मारून तिच्यात लिंबाचं लोणचं घातलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हा ड्रमचा पराक्रम काकांच्या बाकीच्या चारही घरच्या मैत्रिणींना ऐकवला. त्या चौघींनाही काकांच्या त्या तासाचा वैताग होताच. माझी युक्ती त्यांनी तिळगुळाबरोबर घरी नेली. महिन्याभरात पाचही घरी निळे ड्रम आले आणि पाचही काकांनीच बसवून दिले.

त्यानंतर काका एकदाच आले, होळीच्या आधी. रविवार होता, चार वाजलेले. आम्ही बाहेर निघालो होतो, बाळाला टोपडं घालून झालं होतं. काकांनी ड्रमचं झाकण उघडलं, काठी घातली, सोबत आणलेलं मीठ वरपर्यंत भरलं, बाटली हलवली. सगळं ठीक होतं. मी पायात चपला सरकवत म्हटलं, "बसा ना काका, चहा टाकते." ते म्हणाले, "नाई बाई. काम नाई तं बसून काय करू? कामाबिगर कोनाच्या दारात रेंगाळू नाई." काठी त्यांनी सायकलच्या दांड्याला बांधली आणि गेले. मला सुटल्यासारखं झालं, हे मी अजून विसरलेले नाही.

मी दर आठवड्याला तोट्या फिरवत होते. अधूनमधून झाकण उचलून बघायची. पांढरंशुभ्र मीठ दिसायचं, झाकण लावून टाकायची. तीन महिने उलटून गेले तरी मीठ संपलं नाही आणि काकाही आले नाहीत, पण मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. उलट, बरं पुरतंय, म्हणून मी खूश होते. श्रावणात वरणाला एकदोन शिट्ट्या जास्त लागायला लागल्या; एका सणाला पुरण घालायचं होतं, म्हणून आदल्या दिवशी वरणाचा कुकर लावून पाहिला. डाळ कच्ची. पुन्हा लावला, पुन्हा कच्ची. अंगणात जाऊन ड्रम उघडला. मीठ होतं. लाटणं घेऊन ढोसलं, तर वरचा थर मोडून माझा हात कोपरापर्यंत आत गेला. खाली काहीच नव्हतं.

बाळाला घेऊन मी त्याच दिवशी रिक्षाने स्टेशनच्या पलीकडे काकांची खोली शोधत गेले. तीन वर्षं तो माणूस माझ्या पायरीवर बसला होता आणि त्याचं घर मी पहिल्यांदा बघत होते. दाराला कुलूप. शेजारची बाई बाजेवर बसून पापड उलटत होती. म्हणाली, "बाबूजी तो आखातीज पे ही चले गए. भतीजा आके ले गया. खाना-पीना छोड़ दिया था उन्होंने." म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच. मी पत्ता विचारला, तो तिला ठाऊक नव्हता. बडनेरा हे नावही तिने नीट ऐकलेलं नव्हतं.

मग पापड तसाच हातात धरून ती आपणहून सांगायला लागली. "रोज चार बजे के पहले तैयार होके बैठ जाते थे, बहनजी. धुला हुआ कमीज़, साइकिल पोंछ के, डंडा बाँध के. फिर बैठे ही रहते. मैं पूछती, बाबूजी, जाते क्यों नहीं? कहते, कहाँ जाऊँ? सबकी टंकियाँ भरी हुई हैं."

परतताना रिक्षात मी रडले. बाळ माझ्याकडे बघत राहिलं. मोठ्या टाकीत मीठ गोठतं हे काका खरंच सांगत होते. लहान बरणीमुळे दर आठवड्याला यावं लागतं, हेही त्यांना ठाऊक होतं. दोन्ही खरं होतं, आणि दुसरं सांगायची त्यांना लाज वाटत होती. बडनेऱ्याला, नुसत्या मेश्राम या नावावर, मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. लोणचं काढून बरणी पुन्हा जोडायचा प्रयत्न केला, पण त्या नळीचा सांधा मला कधीच जमला नाही.

आता मी पुण्यात असते, एकटीच. हे गेले, मुलगा परदेशी. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले म्हातारे भाऊ कपडे न्यायला घरी येतात. मागच्या खेपेला मुलगा आला होता, तो म्हणाला, "आई, महिन्याचे कपडे एकदम देऊन टाकत जा ना, त्यांचेही जिने चढायचे वाचतील." मी हो म्हटलं. पण मी रोज दोनच कपडे देते, कधी एखादा धड चुरगळलेलाही नसतो. भाऊ तो उलटून बघतात आणि दाराशी जरा टेकतात. मी चहा टाकते. हे त्यांच्यासाठी करते की माझ्यासाठी, ते मी स्वतःला विचारत नाही.