दोघांचा नवस

सोनारीच्या भैरवनाथानं मला फसवलं. देवाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मी बैलबाजारात स्वतःच्या जिभेवर उभा राहिलेला माणूस आहे. ठरलेला सौदा मोडला तर सख्ख्या भावालाही सोडत नाही.

निजामाचं राज्य होतं. मी आणि माझा मित्र सदा हद्दीपलीकडं, इंग्रजांच्या मुलखातल्या बार्शीला जाऊन त्यांच्या फौजेत भरती झालो. निघण्याआधी मी देवापुढं उपरणं पसरलं आणि व्यापारी भाव ठरवताना धरतात तसा त्याखाली हात धरला. म्हणालो, "आमाला दोघांनाबी जित्तं माघारी आण. दर यात्रेला तुझ्या लोकांना पाणी पाजू."

सदा हसला. "आरं, देव काय बैलं इकाया बसलाय व्हय?" पण त्यानंही उपरण्याखाली हात घातला.

ब्रह्मदेशात आम्ही खेचरांवरून दारूगोळा न्यायचो. एका सकाळी डोंगराच्या वळणावर माझं खेचर थांबलं. ओढलं, मारलं, तरी हलेना; कुणी लगाम धरून ठेवावा तसं. "तुजं खेचर तुज्यावानीच. भाव ठरल्याबिगर हलत न्हाय," असं म्हणत सदा आपलं खेचर घेऊन पुढं गेला. वळणापलीकडं जपान्यांच्या तोफेचा गोळा पडला. माझा लगाम कुणी धरला होता, हे मला ठाऊक आहे. त्याला चार हात आहेत. सदाचा लगाम धरायला एकही मोकळा नव्हता?

परतल्यावर चैत्राच्या यात्रेत मी देवळाबाहेर नुसता बसून राहिलो. सौदा त्यानं मोडला, मग पाणी कसलं? तेवढ्यात सदाची आई विहिरीवरून घागर घेऊन येताना दिसली.

"मावशी, तुमी कशाला?"

ती थांबलीही नाही. "माज्या लेकानं हात दिलता. त्याचं पानी म्या पाजते. तू बस रुसून."

मी उठलो आणि तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. उन्हानं तोंड सुकलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. पिऊन त्यानं हात जोडले, तेही मला नाही, माझ्यामागच्या कळसाला. राग आला, पण दुसरी घागर आणायला पाय आपोआप विहिरीकडं वळले.

मावशी आता नाहीत. मी एकही यात्रा चुकवलेली नाही. राग घेऊन का होईना, त्याच्याच दारात येतो. याहून जास्त शरण जाणं मला जमत नाही. माझा जीव त्यानं राखला, ते मी नाकारत नाही.

पण शेवटची घागर रिकामी झाली की मी गाभाऱ्यापुढं उपरणं पसरतो आणि त्याखाली हात धरून उभा राहतो. देवा, पाणी दोघांचं पाजलंय. आता माझा सदा का ठेवून घेतलास, ते सांग.